हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार आणि कॅथेटर अ‍ॅब्लेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला कार्डिओमायोपॅथीचं निदान झालं आणि डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशनचं नाव काढलं (नळीने हृदयात शिरून ठोके बिघडवणारी जागा निकामी करणं), की जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न कॅथलॅबच्या (जिथे ही प्रक्रिया करतात त्या खोलीच्या) दाराबाहेर विचारले जातात, काही रात्री उशिरा फोनवर, तर काही मुलीच्या लग्नाची बोलणी ठरल्यावर. सगळ्यात जास्त जागा एआरव्हीसी या कार्डिओमायोपॅथीच्या एका प्रकाराला दिली आहे, कारण अ‍ॅब्लेशनचे अवघड निर्णय तिथेच घ्यावे लागतात. उत्तरं प्रौढ रुग्णांसाठी आहेत. ती वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

कार्डिओमायोपॅथी म्हणजे नेमकं काय? ब्लॉकेज नाही, तरी हृदयाचा आजार कसा?

ब्लॉकेज रक्तवाहिन्यांत असतं. इथे दोष खुद्द हृदयाच्या स्नायूत असतो आणि तो बहुतेक वेळा जनुकातून आलेला असतो. त्याचे तीन प्रकार जास्त भेटतात.

एचसीएममध्ये स्नायूची भिंत जाड होते. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. डीसीएममध्ये हृदय फुगतं आणि त्याची ताकद कमी होते. तिसरा एआरव्हीसी. हृदयाच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये डेस्मोसोम नावाची प्रथिनांची जोडणी असते. एआरव्हीसीत ही जोडणीच कच्ची असते. ताण आला की पेशी सुटतात, मरतात आणि त्यांच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. सुरुवात बहुधा उजव्या खालच्या कप्प्यात होते, मात्र डावा कप्पाही आजाराच्या तावडीत सापडू शकतो. दोषी जनुकांत पीकेपी२ चं नाव सर्वांत जास्त वेळा येतं.

यात ठोके का बिघडतात आणि अ‍ॅब्लेशनमध्ये काय करतात?

मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. त्या व्रणातून वीज वाहत नाही. पण व्रण एकसंध नसतो, त्यात जिवंत स्नायूचे बारीक धागे उरलेले असतात. खडकाळ शेतात पाटाचं पाणी दगडांच्या फटींतून वाट काढतं, तशी वीज या धाग्यांमधून हळूहळू सरकते आणि वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या जागी येते. हा फेरा सुरू राहिला की हृदय मिनिटाला १५०, १८०, कधी २०० हून जास्त वेळा धडधडतं. याला व्हीटी म्हणतात, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. या वेगात हृदयाला भरायला वेळच मिळत नाही, म्हणून चक्कर येते, शुद्ध हरपते आणि कधी जीवही जातो.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक तारेसारखी नळी, हृदयात नेतात. टोकावरचे इलेक्ट्रोड आतली वीज मोजतात आणि कॉम्प्युटरवर कप्प्याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. निरोगी भाग एका रंगात दिसतो, व्रण दुसऱ्या रंगात आणि ते धागे त्यांच्या उशिराच्या, तुटक सिग्नलवरून ओळखू येतात. मग त्याच जागांवर रेडिओफ्रिक्वेन्सीची ऊर्जा देतात. स्नायूचं तापमान साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्या ठिकाणच्या पेशी कायमच्या मरतात आणि विजेची वाट बंद होते. काही ठिकाणी गोठवून हेच काम करतात. अलीकडे पल्स्ड फील्ड नावाचं तंत्रही आलं आहे. त्यात उष्णता न वापरता विजेच्या अतिशय छोट्या स्पंदांनी पेशी मारतात. सध्या त्याचा मुख्य उपयोग एएफसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीसाठी, होतो.

अ‍ॅब्लेशन झालं म्हणजे आजार गेला का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा: अ‍ॅब्लेशन लय सुधारतं, स्नायूचा आजार बरा करत नाही. जनुक तेच राहतं आणि पुढच्या काही वर्षांत नवीन ठिकाणी व्रण होऊ शकतो. एखाद्या तरुणाला हृदयाचा स्नायू निरोगी असताना साधी एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणारी धडधड) असते, एकदा अ‍ॅब्लेशन होतं आणि तो जवळजवळ कायमचा मोकळा होतो. शेजारच्या खोलीतल्या त्या रुग्णाशी आपली तुलना करू नका. नाव एकच असलं तरी अपेक्षा वेगळी ठेवायची असते.

म्हणून अ‍ॅब्लेशन निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. छातीत बसवलेल्या एआयसीडी यंत्राचा महिन्यात दोन वेळा शॉक बसणाऱ्या माणसाला दोन-तीन वर्षं शॉकशिवाय जगता आलं, तर त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं आयुष्य बदलतं. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण शॉकच्या भीतीने अंघोळीला एकटं जायला घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत.

व्हीटीचं अ‍ॅब्लेशन केलं, तर एआयसीडी बसवायची गरज काय?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि त्यामागे खर्चाची चिंता असते. ती रास्त आहे. तरीही उत्तर बदलत नाही.

एआयसीडी म्हणजे छातीच्या त्वचेखाली बसवायचं यंत्र. ते चोवीस तास लय पाहतं. जीवघेणी व्हीटी सुरू झाली तर आधी वेगवान पेसिंग करून, म्हणजे विजेचे बारीक ठोके देऊन, ती मोडायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर शॉक देतं. एआरव्हीसीतली एकसारख्या आकाराची व्हीटी पेसिंगने बऱ्याचदा मोडते आणि रुग्णाला कळतही नाही. त्वचेखालून तार जाणाऱ्या एस-आयसीडीत ही सोय नाही. यंत्र निवडताना हा मुद्दा डॉक्टरांशी जरूर बोला.

अ‍ॅब्लेशनमुळे व्हीटीचे झटके आणि शॉक कमी होतात, हे दिसून आलं आहे. एआरव्हीसीत अ‍ॅब्लेशनमुळे अचानक मृत्यू टळतो, असा पुरावा मात्र नाही. त्यामुळे ज्याला एआयसीडीची गरज आहे त्याला अ‍ॅब्लेशन हा पर्याय नाही, ते एआयसीडीच्या जोडीने करायचं असतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील आणि रुग्ण एकदा बेशुद्ध होऊन वाचलेला असेल, तर आधी एआयसीडी.

डॉक्टर म्हणाले, "आतून आणि बाहेरून दोन्हीकडून करावं लागेल." बाहेरून म्हणजे छाती उघडून?

छाती उघडून नाही. एआरव्हीसीत व्रणाची सुरुवात भिंतीच्या बाहेरच्या बाजूने होते आणि तो आत सरकत जातो. आतून नकाशा काढला तर थोडासाच व्रण दिसतो, बाहेरून पाहिलं की त्याच्या कित्येक पट पसरलेला सापडतो. फक्त आतून उष्णता दिली, तर ती बाहेरच्या धाग्यांपर्यंत पोहोचतेच असं नाही.

हृदयाभोवती दुपदरी आवरण असतं आणि दोन पदरांमध्ये थोडी मोकळी जागा असते. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी सुई घालून एक्स-रेच्या मदतीने त्या जागेत पोहोचायचं आणि तिथून कॅथेटर हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर फिरवायचा, असं हे तंत्र आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या एदुआर्दो सोसा यांनी ते १९९६ मध्ये जगासमोर मांडलं. त्यांच्याकडचे रुग्ण एआरव्हीसीचे नव्हते, त्यांना चागास हा परजीवीमुळे होणारा हृदयाचा आजार होता. त्यातही व्रण बाहेरच्या अंगाला असतो. दक्षिण अमेरिकेतल्या एका आजारासाठी शोधलेली वाट आज इथल्या तरुणांच्या कामी येते आहे.

बाहेरून काम करताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या त्याच पृष्ठभागावरून जातात, म्हणून ऊर्जा देण्याआधी अँजिओग्राफी करून त्या किती अंतरावर आहेत ते बघतात. श्वासाचा पडदा हलवणारी फ्रेनिक नसही तिथूनच जाते, ती बारीक पेसिंग करून आधी शोधतात. पूर्वी बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आवरण हृदयाला चिकटलेलं असतं आणि हा मार्ग बहुधा मिळत नाही. ही माहिती रुग्णालयात विचारली नाही तरी आपण होऊन सांगा.

प्रत्येकाला पहिल्या खेपेलाच बाहेरून करतात असं नाही. काही डॉक्टर आधी आतून करून बघतात आणि व्हीटी सुटली नाही तर बाहेर जातात.

यश किती टक्के?

हा आकडा कुणी एका दमात सांगितला, तर "कोणत्या आजारात आणि किती वर्षांनंतर?" असं विचारा.

एआरव्हीसीचंच घ्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २००७ च्या नोंदींत २४ रुग्णांवर ४८ वेळा अ‍ॅब्लेशन झालं होतं. बहुतेक वेळा ते फक्त आतूनच केलेलं होतं. साधारण १४ महिन्यांत व्हीटीशिवाय राहिलेल्या प्रक्रियांचं प्रमाण जेमतेम २५ टक्क्यांवर आलं. पुढे आतून-बाहेरून दोन्हीकडून करायची पद्धत रुळली, नकाशे सूक्ष्म झाले. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने ६२ रुग्णांचा अनुभव मांडला. शेवटच्या प्रक्रियेनंतर सरासरी साडेचार वर्षांच्या आसपास ७१ टक्के रुग्ण व्हीटीपासून मुक्त होते. "शेवटच्या प्रक्रियेनंतर" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण अनेकांना एकापेक्षा जास्त वेळा करावं लागलं होतं. शिवाय हे निकाल या कामात मुरलेल्या केंद्रांचे आहेत.

दुसऱ्यांदा करावं लागलं तर पहिलं फसलं असा अर्थ नेहमीच काढू नका. काही वेळा जुनी वाट पुन्हा उघडलेली असते, काही वेळा आजार पुढे गेल्यामुळे नवी वाट तयार झालेली असते.

मग अ‍ॅब्लेशन कधी करावं? पहिल्याच झटक्यानंतर, की औषधं थकल्यावर?

गोळ्या घेऊनही व्हीटी पुन्हा पुन्हा येत असेल, गोळ्या सोसत नसतील किंवा एआयसीडी वारंवार शॉक देत असेल, तर अ‍ॅब्लेशनचा विचार करायचाच. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा व्हीटी आली तर त्याला व्हीटी स्टॉर्म, म्हणजे व्हीटीचं वादळ, म्हणतात. ती आणीबाणी आहे. तेव्हा आधी झोपेचं औषध, बीटा-ब्लॉकर, अमिओडॅरोन ही लय सांभाळणारी औषधं देऊन वादळ शांत करतात आणि गरज पडली तर लगेच अ‍ॅब्लेशन करतात.

माझं मत थोडं लवकर करण्याच्या बाजूला झुकतं. तिशीतल्या माणसाला वर्षानुवर्षं अमिओडॅरोनवर ठेवण्यापेक्षा चांगल्या केंद्रात अ‍ॅब्लेशनबद्दल लवकर विचारणं बरं. अमिओडॅरोन प्रभावी औषध आहे, पण ते थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर परिणाम करतं, उन्हात त्वचा भाजते आणि दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी करावी लागते. ज्याला दोनच महिने घ्यायचं आहे आणि ज्याला चाळीस वर्षं घ्यायचं आहे, त्यांचा हिशेब सारखा नसतो.

वडिलांना एचसीएम आहे आणि आता एएफ झालंय. त्यांचं अ‍ॅब्लेशन वेगळं असतं का?

हो. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. एचसीएमच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकाला ते कधीतरी होतं. भिंत जाड आणि ताठ असल्यामुळे डावा खालचा कप्पा नीट सैलावत नाही, मागे दाब वाढतो आणि डावा वरचा कप्पा ताणला जातो. त्यात एएफ रुजतं.

सर्वांत आधी रक्त पातळ करायची गोळी. इतर रुग्णांत वय, मधुमेह, रक्तदाब यांचे गुण मोजून ती द्यायची की नाही ते ठरवतात. एचसीएममध्ये एएफ असेल तर ती मोजणी करत बसत नाहीत, गोळी सुरू करतात, कारण पक्षाघाताचा धोका मुळातच जास्त असतो. अ‍ॅसिट्रॉम, वॉरफरिन किंवा एपिक्सॅबॅनसारखी नवी औषधं, यांपैकी कोणती ते डॉक्टर ठरवतील. अ‍ॅब्लेशन यशस्वी झालं म्हणून ही गोळी थांबवायची नसते. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. ईसीजी छान आला, धडधड थांबली, मग घरचे म्हणतात, "आता कशाला?" आणि सहा महिन्यांनी अर्धांगवायू होतो.

एएफचं अ‍ॅब्लेशन १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाच्या शोधावर उभं आहे. एएफ पेटवणारे ठोके बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगवतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणून त्या शिरांच्या तोंडांभोवती कडं करून त्यांचा विजेचा संबंध तोडतात. एचसीएममध्ये एका प्रक्रियेनंतर कायम एएफमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असतं आणि पुन्हा करावं लागण्याची शक्यता बरीच असते. कप्पा फार मोठा झाला नसेल आणि एएफ येऊन-जाऊन असेल, तर निकाल चांगला येतो. थोडक्यात, वर्षानुवर्षं थांबून मग जाऊ नये. एचसीएममध्ये जाड भिंतीमुळे रक्ताच्या वाटेत येणारा अडथळा काढायला भिंत तासायची शस्त्रक्रिया होणारच असेल, तर तिच्यासोबतच एएफची शस्त्रक्रियाही करता येते. सर्जनना विचारा.

वजन, दारू आणि घोरण्याचा आजार या तिन्हींकडे लक्ष दिलं नाही तर अ‍ॅब्लेशनचे पैसे वाया जाऊ शकतात.

जनुकीय चाचणीचा अ‍ॅब्लेशनशी काय संबंध?

पुष्कळ. कोणतं जनुक बिघडलं आहे, यावरून व्रण साधारण कुठे असेल आणि काम किती अवघड जाईल याचा अंदाज येतो. पीकेपी२ असेल तर उजव्या कप्प्यात, बऱ्याचदा तिथल्या झडपेच्या जवळ. डेस्मोप्लाकिन हे डेस्मोसोमचंच दुसरं जनुक असेल तर डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला. नेदरलँड्समध्ये पीएलएन जनुकाचा एक विशिष्ट दोष अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आढळतो. त्यातही डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला व्रण सापडतो.

लॅमिन जनुकाचा डीसीएम सर्वांत कठीण. त्यात व्रण दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या गाभ्यात खोल असतो, तिथे ना आतून नीट पोहोचता येतं ना बाहेरून. शिवाय विजेची मुख्य वाहिनी तिथूनच जाते, त्यामुळे हार्ट ब्लॉकचा, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली येणारी वीज अडण्याचा, धोका राहतो. या रुग्णांत व्हीटी परत येण्याचं प्रमाण जास्त आहे. एआयसीडी लवकर बसवणं आणि हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राशी वेळेत संपर्क ठेवणं, हे इथे अ‍ॅब्लेशनपेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं.

एआरव्हीसीचं निदान झालंय, पण दुसऱ्या डॉक्टरांनी पेट स्कॅन करायला सांगितला. का?

अगदी योग्य सल्ला आहे. सार्कॉइडोसिस नावाचा दाहाचा आजार हृदयात शिरला, तर ईसीजी, एको आणि एमआरआयवर तो हुबेहूब एआरव्हीसीसारखा दिसू शकतो. भारतात क्षयाचाही विचार करावा लागतो. घरात कुणालाच असा आजार नसेल, हार्ट ब्लॉक असेल, छातीत गाठी वाढलेल्या दिसत असतील, तर पेट स्कॅन आणि गरज पडल्यास गाठीची बायोप्सी करतात. फरक पडतो तो उपचारात. दाह पेटलेला असताना फक्त जाळत राहिलं तर व्हीटी परत येते. स्टेरॉइड किंवा क्षयाची औषधं देऊन दाह शमवला की चित्र बदलू शकतं. अ‍ॅब्लेशनची तारीख घेण्याआधी ही शंका फेडून घ्या.

धोके कोणते? खरं सांगा.

जांघेत रक्त साकळणं किंवा सूज येणं हे सर्वांत जास्त वेळा होतं आणि बहुधा आपोआप बरं होतं. गंभीर धोके कमी वेळा होतात, पण आहेत. कॅथेटरने भिंतीला भोक पडून आवरणात रक्त साचणं, पक्षाघात, हार्ट ब्लॉक होऊन पेसमेकर लागणं, बाहेरून करताना रक्तवाहिनीला किंवा फ्रेनिक नसेला इजा. एआरव्हीसीत उजव्या कप्प्याची भिंत काही ठिकाणी फारच पातळ असते, त्यामुळे भोक पडण्याची काळजी इथे खरी आहे. क्वचित मृत्यूही होतो. हृदय आधीच फार अशक्त असेल किंवा स्टॉर्ममध्ये तातडीने करावं लागलं, तर धोका वाढतो.

म्हणूनच डॉक्टरांना विचारायला संकोचू नका: असं अ‍ॅब्लेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, बाहेरून करण्याचा अनुभव किती आणि गुंतागुंत झाली तर रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेचं पथक त्या वेळी हजर असेल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

प्रक्रियेच्या दिवशी काय होतं, घरी कधी सोडतात?

काही दिवस आधी लय सांभाळणाऱ्या गोळ्या थांबवायला सांगतात, नाहीतर व्हीटी कॅथलॅबमध्ये सुरूच होत नाही आणि तिची वाट सापडत नाही. रक्त पातळ करायच्या गोळीचं मात्र प्रकरण उलटसुलट आहे. एएफच्या अ‍ॅब्लेशनला ती बहुधा चालूच ठेवतात, बाहेरून करायचं असेल तर थांबवतात. त्यामुळे दुसऱ्या रुग्णाचं ऐकून काही करू नका, तुमच्या कागदावर लिहून घ्या.

व्हीटीचं काम तीन ते सहा तास चालू शकतं. बाहेर बसलेल्यांना हा वेळ फार जड जातो. उशीर झाला म्हणजे काही बिघडलं असं नसतं, नकाशा काढण्यातच बराच वेळ जातो. नंतर पाय सरळ ठेवून काही तास उताणं झोपावं लागतं. दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बाहेरून केलं असेल तर खोल श्वास घेताना छातीत टोचतं, कारण आवरणाला सूज येते. त्यावर औषध देतात आणि काही दिवसांत ते ओसरतं. आठवडाभर जड उचलणं आणि दुचाकीला किक मारणं टाळा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड जाणवली म्हणून लगेच निराश होऊ नका. एएफच्या अ‍ॅब्लेशननंतर जखम भरेपर्यंत ठोके अधूनमधून बिघडतात.

व्यायाम, पोलीस भरती, वारी: काय चालेल?

एआरव्हीसीत याचं उत्तर कडक आहे आणि ते ऐकताना तरुणांचे चेहरे उतरतात. दमछाक करणारा, तासन्‌तासांचा व्यायाम हा आजार वेगाने पुढे नेतो. जनुकात दोष असलेल्यांपैकी जे लांब पल्ल्याचं धावतात किंवा सायकल चालवतात, त्यांच्यात आजार लवकर दिसतो आणि व्हीटीही जास्त येते. अ‍ॅब्लेशन झाल्यावरही हा नियम सुटत नाही. मॅरेथॉन, स्पर्धात्मक कबड्डी, दमवणारे ट्रेक बंद. पोलीस भरतीतली १६०० मीटरची धाव आणि तिच्यासाठी महिनोन्‌महिने केलेली तयारीही यातच येते. मुलाचं स्वप्न मोडतं, घराचं आर्थिक गणित बिघडतं, हे कळतं. तरीही त्याला स्पष्ट सांगायला हवं आणि दुसऱ्या वाटा शोधायला मदत करायला हवी.

इटलीत १९८२ पासून खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेतो प्रांतात त्यानंतरच्या दोन दशकांत खेळाडूंमधले अचानक मृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटले. तपासणीत ज्यांच्यात असे आजार सापडले त्यांना खेळापासून दूर ठेवलं, एवढंच तर केलं होतं.

एचसीएममध्ये आता नियम थोडे सैल झाले आहेत, मध्यम व्यायामाला सहसा हरकत नसते. रोजचं चालणं सगळ्यांनाच चालतं.

वारीबद्दल: आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर चालणं रमतगमत असलं तरी दिवेघाटाची चढण, घाम, जुलाब, अर्धवट झोप आणि विसरलेल्या गोळ्या हे सगळं एकत्र येतं. अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी झालं की व्हीटीला निमित्त मिळतं. अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या वर्षी जाऊ नये असं मी सांगते. पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली तर सपाट वाटेचे एक-दोन टप्पे, सोबतीला जाणता माणूस, गोळ्या स्वतःच्या पिशवीत. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही.

गाडी चालवली तर चालेल का?

व्हीटीने शुद्ध हरपली असेल किंवा शॉक बसला असेल, तर साधारण तीन ते सहा महिने नाही. एसटी, ट्रक, रिक्षा चालवण्याचा व्यवसाय असेल तर काम बदलावं लागेल.

भावंडांची आणि मुलांची तपासणी करायची का? लग्नाच्या वेळी सांगावं का?

हे आजार बहुतेक वेळा असे चालतात की आई किंवा वडिलांपैकी एकाला दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो की मुलगी. म्हणून आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांचा ईसीजी आणि टूडी एको करायलाच हवा. एआरव्हीसीत होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) आणि एमआरआयही लागतात. रुग्णात दोषी जनुक सापडलं असेल, तर बाकीच्यांची फक्त तेवढीच चाचणी करता येते आणि ज्याच्यात ते नाही त्याची वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून सुटका होते. ज्याच्यात आहे पण आजार दिसत नाही, त्याची ठराविक अंतराने तपासणी चालू राहते. पहिला एको चांगला आला म्हणून फाइल बंद करू नका, हे आजार विशी-तिशीत उमटू शकतात.

भारतीयांसाठी एक खास गोष्ट आहे. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या स्नायूच्या जनुकातला, डीएनएची २५ अक्षरं गळलेला एक दोष भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. तो अंगात असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, पण धोका वाढतो. दोन्हीकडून दोष आला तर आजार लहानपणीच तीव्र होऊ शकतो. म्हणून ज्या घरांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलांशी लग्न करायची रीत आहे, तिथे लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्या.

स्थळ बघताना सांगायचं का? माझं उत्तर हो. मुलीकडच्यांना किती झाकून ठेवायला लावलं जातं ते मी जाणते आणि त्याचा मला राग येतो. पण लपवलेल्या आजारात गोळ्याही लपवून घ्याव्या लागतात, गरोदरपणात डॉक्टरांना खरं सांगितलं जात नाही आणि धोका तिथेच असतो. अ‍ॅब्लेशनची गरज असेल तर ते गर्भधारणेच्या आधी उरकावं, म्हणजे एक्स-रेचा आणि औषधांचा प्रश्न राहत नाही.

खर्चाचं काय?

त्रिमितीय नकाशा, खास कॅथेटर, बाहेरून जायची सामग्री, यामुळे व्हीटीचं अ‍ॅब्लेशन महाग पडतं आणि एआयसीडीचा खर्च वेगळा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. अ‍ॅब्लेशन आणि यंत्र यांपैकी काय कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते त्याच्याकडून लेखी घ्या. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्यालयात विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याआधीच भेटा, बिल झाल्यावर नाही.

घरी असताना शॉक बसला किंवा त्रास झाला तर?

एक शॉक बसला आणि माणूस शुद्धीत आहे, बरं वाटतंय, तर घाबरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि यंत्र तपासून घ्या. लागोपाठ दोन शॉक बसले, शुद्ध गेली, छातीत दुखतंय किंवा श्वास लागतोय, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करा. यंत्राने शॉक दिला तरी दाबणाऱ्याला इजा होत नाही.

जांघेतून रक्त येत असेल तर रुग्णाला आडवं झोपवून त्या जागी घट्ट दाबून धरा आणि रुग्णालयात न्या. एएफच्या अ‍ॅब्लेशननंतर दोन ते चार आठवड्यांच्या आसपास ताप, गिळताना दुखणं किंवा बोलण्यात अडखळणं सुरू झालं, तर गावातल्या दवाखान्यात तापाची गोळी घेऊन थांबू नका. अन्ननलिकेला इजा झाल्याची ती खूण असू शकते. ती फार क्वचित होते, पण प्राणघातक असते. अशा वेळी तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी (एंडोस्कोपी) करू द्यायची नाही, आधी छातीचा सीटी स्कॅन लागतो. हे सांगता यावं म्हणून डिस्चार्ज कार्ड, यंत्राचं ओळखपत्र आणि चालू गोळ्यांची यादी एका पाकिटात घालून ठेवा आणि ते कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा.